दादा, ती शेवटची ओळ वाचून घेतल्याबद्दल

दादा, नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार चारचौघांतच मानणार, कारण कॉलेजची लॅब बंद पडलीय हे गावभर झालं होतं, मग ती कोणामुळे चालू झाली हेही कळू दे की लोकांना.

ज्यांना पीएक्सई बूट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे बसायचं नाही, मशीन चालू केलं की ते नेटवर्कवरून सर्व्हरकडून फाइल्स उचलतं आणि डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टम आपोआप बसते, सगळ्या प्रश्नांची उत्तरं प्रीसीड फाइलमध्ये आधीच लिहिलेली असतात. आमच्याकडे गाडी अर्ध्यात अडायची. आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) मिळायचा, कर्नल (सिस्टमचा गाभा) लोड व्हायचा, इन्स्टॉलर सुरू व्हायचा आणि मग "नेटवर्क ऑटोकॉन्फिगरेशन फेल्ड", म्हणजे नेटवर्कची जुळणी आपोआप झालीच नाही.

लॅब ज्यांनी बसवून दिली त्यांच्या माणसाने केबल बदलल्या, सर्व्हर पुन्हा टाकला आणि शेवटी प्राचार्यांना सांगून मोकळा झाला की मशीनच जुनी आहेत, नवीन घ्या. मी परोपरीने सांगत होते की अहो आधी आयपी मिळतोय ना, मग मशीन खराब कसं, तर म्हणे मॅडम ते आमच्यावर सोडा. आणि सोडल्यावर फोन उचलायचे बंद. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर, पोरं रोज दारात येऊन विचारणार, मॅडम आज?

तुम्ही फोनवर पहिलं काय विचारलंत तर, "स्क्रीनवर काय काय आलंय ते जसंच्या तसं वाचा, शेवटची ओळ सोडू नका, मी लिहून घेतो." मी अडखळत, थांबत थांबत वाचत होते आणि तुम्ही एकदाही "कळलं कळलं" म्हणून तोडलं नाहीत. उलट एक शब्द पुन्हा वाचायला लावलात. इतक्या दिवसांत माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे तुम्ही पहिले, खरं सांगते घसा दाटून आला होता.

मग म्हणालात, मशीन रीस्टार्ट करा आणि आता स्क्रीनकडे नाही, स्विचकडे (सगळ्या मशीनच्या केबल जिथे जोडतात तो डबा) बघा, या मशीनची केबल लागलेल्या पोर्टचा दिवा कसला आहे? केशरी. "हिरवा होईपर्यंत फोन ठेवू नका." दोघंही गप्प. दिवा हिरवा झाला तोवर इन्स्टॉलरने हात टेकले होते, आणि तुम्ही म्हणालात, सापडलं.

लिंक तुटून परत जोडली गेली की स्विच त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (केबलचा लूप, म्हणजे वर्तुळ, झालंय का ते तपासून अडवणारी पद्धत) चालवतो, 15 सेकंद लिसनिंग, 15 सेकंद लर्निंग, तोवर पुढे काहीच सोडत नाही. पीएक्सई बराच वेळ पुन्हा पुन्हा आयपी मागत राहतं म्हणून त्याचं निभावतं, पण कर्नल नेटवर्क कार्ड नव्याने सुरू करतो, लिंक परत पडते आणि इन्स्टॉलर तेवढा दम धरत नाही. पीसीच्या पोर्टना पोर्टफास्ट (हे थांबणं वगळून पोर्ट लगेच चालू करणारी स्विचची सेटिंग) लावलं आणि सगळी मशीन एकापाठोपाठ बसली. एक रुपया खर्च नाही! स्विचला दोष देऊ नका हेही तुम्हीच सांगितलंत, रेडिया पर्लमन बाईंनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्री शोधलं म्हणून केबलचा लूप झाला तरी आख्खं नेटवर्क कोसळत नाही. म्हणूनच दुसऱ्या स्विचला जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट लावायचं नाही ही तुमची ताकीद मी रॅकच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवलीय.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात दादा, पण समोरच्याला काहीतरी दिसलंय, ते आधी नीट ऐकावं एवढा मान देणारी थोडी. तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंटला तर कोणी धरतच नाही. तुम्ही प्राचार्यांना फोनवर सांगितलंत, "मॅडम पहिल्यापासून बरोबर बोलत होत्या." ते तुम्ही सांगायलाच हवं असं काही नव्हतं.

पैसे घेतले नाहीत, ठीक. पण या बाजूला आलात तर जेवल्याशिवाय जायचं नाही, आणि येताना वहिनींनाही घेऊन या.