कंपनीला दया आली, असं तुम्ही म्हणालात

मिनियापोलिस, मिनेसोटा
रविवार, 19 मार्च 2023

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,
मंगलचा साष्टांग नमस्कार.

बुधवारी पाडवा. इथं अजून अंगणात गुडघाभर बर्फ आहे, त्यामुळे गुढी घरातच खिडकीशी उभारू. आईनं मागच्या खेपेला वाळवून दिलेली कडुलिंबाची पानं जपून ठेवलीत. गौरी ती खाताना तोंड वाकडं करते, पण खाते. जावयांचं वर्कशॉप नीट चालू आहे. सगळे खुशाल.

आता ज्यासाठी कागद पुढ्यात घेतला ते लिहिते. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "पेपरात वाचलं, तिकडच्या कंपनीनं इन्सुलिनचा भाव उतरवला. दया आली म्हणायची. मग आता तरी तुझे मोर्चे थांबव. परक्या मुलुखात तुझा काय संबंध?" मी काही बोलणार तोवर वहिनीनं आईला फोन दिला आणि विषय राहिला. आठवडाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुम्ही हे बोलावं याचं जास्त वाटलं. मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिलेला माणूस, हमाल पंचायतीच्या प्रत्येक मोर्चात पुढं असलेला, आणि तुम्हीच म्हणता दया आली?

अण्णा, दया आली नाही. काय झालं ते क्रमानं सांगते.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा आधीच्या औषधाच्या दुकानात काउंटरला होते. थंडीचे दिवस, संध्याकाळ. एक पोरगा आला, पंचविशीतला, हॉटेलात काम करणारा असावा, कारण काळ्या पँटवर पिठाचे हात पुसलेले होते. चिठ्ठी तीन बाटल्यांची. मी पडद्यावर आकडा दाखवला. त्यानं विचारलं, "एकच घेतली तर?" एकच घेतली तर 290 डॉलर आणि वर काही सेंट. त्यानं खिशातले पैसे काउंटरवर काढून मोजले, पुन्हा मोजले, गोळा करून खिशात टाकले आणि "सॉरी" म्हणून निघून गेला. माफी त्यानं माझी मागितली, अण्णा. ती बाटली माझ्या मुठीत होती, करंगळीएवढी, फ्रिजमधून काढल्यामुळे गार. मी ती परत फ्रिजमध्ये ठेवली. माझं कामच ते होतं.

आईच्या इन्सुलिनची बाटली आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दीडशे-पावणेदोनशे रुपयांत मिळते. आईचं इन्सुलिन जुन्या पद्धतीचं आहे, नवी तिकडेही महाग आहेत, म्हणून दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही हे मला कळतं. पण आईच्या इन्सुलिनला सरकारनं कमाल भाव ठरवून दिलाय. इथं तसा कुणी ठरवत नाही. 1996 साली एका नामांकित इन्सुलिनची बाटली 21 डॉलरला होती, तीच पुढं वीसेक वर्षांत पावणेतीनशेच्या घरात गेली. आतलं औषध तेच. आणि हे औषध शोधलं त्या कॅनडातल्या बॅंटिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी 1923 साली पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं.

आमच्याच मिनियापोलिसमधला अ‍ॅलेक स्मिथ. त्याचं नाव आता इथल्या कायद्याला आहे म्हणून सांगते. हॉटेलात मॅनेजर होता. ओबामांच्या काळातल्या 2010च्या कायद्यानं मूल 26 वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहू शकतं. अ‍ॅलेक 2017च्या मेमध्ये 26 वर्षांचा झाला आणि आईच्या विम्यातून बाहेर पडला. स्वतःचा घ्यावा तर महिन्याला साडेचारशे डॉलर हप्ता, आणि वर्षाचे पहिले 7,600 डॉलर खिशातूनच. पगार गरिबांच्या सरकारी विम्यात बसायला जास्त, आणि हा विमा परवडायला कमी. इन्सुलिन आणि बाकीचं साहित्य मिळून महिन्याला 1,300 डॉलर. त्यानं ठरवलं, पुढच्या पगारापर्यंत पुरवून पुरवून वापरू. विमा गेल्याला महिना पुरता व्हायच्या आत तो त्याच्या खोलीत मेलेला सापडला.

त्याच आठवड्यात, 30 जून 2017ला, मिनियापोलिसच्या नगर परिषदेनं ताशी 15 डॉलर किमान वेतनाचा ठराव केला. हॉटेलांत, बर्गरच्या दुकानांत राबणारी माणसं त्यासाठी कित्येक महिने संप आणि मोर्चे करत होती. देशाचं किमान वेतन सव्वासात डॉलर, 2009पासून एक पैसा वाढलेलं नाही. मी तेव्हा या दोन बातम्या वेगवेगळ्या वाचल्या. पगाराचा प्रश्न एका बाजूला आणि औषधाचा दुसऱ्या बाजूला, असं वाटायचं. काउंटरला उभं राहिल्यावर कळलं की दोन्ही एकाच माणसाच्या एकाच खिशात येऊन भिडतात. पगार थोडा वाढला की माणूस सरकारी विम्याची रेषा ओलांडतो, आणि रेषेपलीकडं त्याला धरायला कुणी नाही. म्हणून आमची माणसं दोन्हीकडं जातात. वेतनाच्या सभेला जो दिसतो, तोच दवाखान्याच्या बिलांवरच्या सभेलाही दिसतो.

अ‍ॅलेकची आई, निकोल स्मिथ-होल्ट, रडत घरी बसली नाही. 2018 साली ती आणि तिच्यासारखीच पोटचं लेकरू गमावलेली दुसरी एक आई, मुलांची राख हातात घेऊन एका औषध कंपनीच्या दाराशी गेल्या. 2019च्या मे आणि जूनमध्ये मिनेसोटातली माणसं गाड्या करून सीमेपार कॅनडात गेली, जिथं तेच इन्सुलिन साधारण दहाव्या हिश्श्यात मिळतं. जूनमध्ये गेली ती नेमकी ऑंटारिओतल्या लंडन गावी. बॅंटिंगना इन्सुलिनची कल्पना सुचली ते गाव. त्या गाडीत माझ्याबरोबर काम करणारी एकजण होती. परत आल्यावर तिनं मला पावती दाखवली. ती पावती तिनं अजून पाकिटात घडी घालून ठेवलीय.

मी नुसती ऐकणारी होते तोवर. 2019च्या मेमध्ये विधिमंडळात इन्सुलिनचं विधेयक शेवटच्या घटकेला बजेटच्या बोलण्यांत गळून पडलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा सेंट पॉलला कॅपिटॉलवर गेले. कॅपिटॉल म्हणजे इथलं विधानभवन. आत संगमरवरी जिने, वर घुमट, आणि त्या घुमटाखाली माणसं आपल्या पोरांचे फोटो छातीशी धरून उभी. कुणी घोषणा देत नव्हतं. मला तुमची आठवण झाली. डोक्यावर टोपी, खिशावर बिल्ला, आणि मुंबईला निघायच्या आदल्या रात्री आई पिठलं-भाकरी बांधून देतेय.

अण्णा, मला इथं मत नाही. ग्रीन कार्डवाल्याला मतदान करता येत नाही. पण आमदाराच्या कचेरीत फोन करता येतो, समितीपुढं बोलता येतं, पत्रकं वाटता येतात. मी तेच केलं. थंडीत लोकांच्या दारावर जाऊन बेल वाजवली. निम्मी दारं उघडत नाहीत. उघडतात त्यातली काही लगेच बंद होतात. पण एका दारात एक म्हातारी मला आत घेऊन बसली आणि फ्रिज उघडून दाखवला. त्यात तिच्या मेलेल्या नवऱ्याचं उरलेलं इन्सुलिन होतं. मुदत संपलेलं. "कुणाला लागलं तर," म्हणाली. मुदत संपलेलं औषध कुणाला द्यायचं नसतं, हे मी तिला समजावलं. तिनं मान हलवली आणि फ्रिज लावून घेतला. बाटल्या तिथंच राहिल्या.

अ‍ॅलेकच्या नावाचा तो कायदा 2020च्या एप्रिलमध्ये झाला. गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी 15 तारखेला सही केली, तेव्हा करोना होता, त्यामुळे कुणाला जमताही आलं नाही. ज्याच्याजवळ आठवड्याचंही इन्सुलिन उरलं नाही त्यानं दुकानात यायचं, फॉर्म भरायचा, जास्तीत जास्त 35 डॉलर द्यायचे आणि महिन्याचं औषध घेऊन जायचं. वर्षातून एकदा. पुढं नेहमीसाठी लागलं तर उत्पन्न बघून तीन-तीन महिन्यांचं, दर वेळी फार तर 50 डॉलरला. आणि मुद्द्याची गोष्ट ही की त्याचा भार सरकारी तिजोरीवर नाही. ते इन्सुलिन कंपन्यांनीच पुरवायचं. कायदा 1 जुलैला लागू व्हायचा होता, तर आदल्या दिवशी औषध कंपन्यांची संघटना फेडरल, म्हणजे देशाच्या, कोर्टात गेली. म्हणे आमची मालमत्ता मोबदल्याशिवाय घेतली. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. हे दयेचं लक्षण वाटतं का तुम्हाला?

त्या जुलैत माझ्या काउंटरला एक बाई आली. तीन दिवसांचं इन्सुलिन उरलेलं. तिला कायदा माहीतच नव्हता, ती फक्त भाव विचारायला आली होती. मी फॉर्म काढला, तिच्यासमोर ठेवला. तिनं मास्कवरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "हे कर्ज आहे का?" मी म्हटलं, कर्ज नाही, कायदा आहे. तिला पटेना. फॉर्म तीनदा वाचला, मग सही केली. तिनं 35 डॉलर दिले आणि मी बाटल्या पिशवीत घातल्या. तेव्हा मला तो पिठाच्या हातांचा पोरगा आठवला. तेव्हापासून मी कामाच्या ठिकाणी आणि शनिवारी धुलाईच्या दुकानांत जाऊन या कायद्याची पत्रकं वाटते. कायदा कागदावर असून भागत नाही, ज्याला लागतो त्याच्या कानावर गेला पाहिजे. माथाडीचा कायदा 1969 साली झाला, तरी तो प्रत्येक गाळ्यावर लागू करून घ्यायला तुम्हाला पुढं किती वर्षं झगडावं लागलं, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय.

आता त्या भाव उतरवण्याचं. 1 मार्चला इलाय लिली या औषध कंपनीनं जाहीर केलं, आणि आपला फोन झाल्यावर याच आठवड्यात नोव्हो नॉर्डिस्क आणि सानोफीनंही. तिघींनी सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त भाव उतरवणार म्हणून सांगितलं. का? मेडिकेड म्हणून गरिबांचा सरकारी विमा आहे. त्याच्यासाठी कंपनीला विक्रीतला काही वाटा सरकारला परत द्यावा लागतो, आणि महागाईपेक्षा जास्त वेगानं भाव वाढवला तर हा परतावाही वाढतो. आजवर त्याला मर्यादा होती, औषधाच्या किमतीएवढी. 2021च्या एका कायद्यानं ती मर्यादा येत्या 1 जानेवारीपासून उठतेय. म्हणजे इतकी वर्षं भाव चढवत नेलेल्या बाटलीमागं कंपनीला पदरचे पैसे भरायची पाळी येणार. भाव उतरवला की परतावाही उतरतो. मार्केट यार्डातला कुठलाही आडत्या हा हिशोब दोन मिनिटांत करेल. त्यात म्हाताऱ्यांच्या मेडिकेअर विम्यात जानेवारीपासून महिन्याला 35 डॉलरची मर्यादा आली. तीच मर्यादा खासगी विम्यालाही लावायची होती, पण गेल्या ऑगस्टमध्ये देशाच्या सिनेटमध्ये 57 मतं पडली आणि 60 लागत होती. तीन मतांनी राहिलं. त्या रविवारी मी दिवसभर टीव्हीपुढून हलले नव्हते.

या सगळ्यामागं ती फोटो घेऊन उभी राहिलेली माणसं आहेत, अण्णा. त्यांनी हा विषय थंड होऊ दिला नाही म्हणून कायदे झाले, आणि कायदे झाले म्हणून हिशोब बदलला. क्विंटलची पोती पन्नास किलोवर आली, ती व्यापाऱ्याला तुमच्या पाठीची कणव आली म्हणून नाही, हे तुम्हीच आम्हाला जेवताना सांगायचात.

"तुझा काय संबंध" याचं उत्तर राहिलं. ते लिहायला मला जड जातंय. 2018 साली आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की तिकीट मिळालं नाही. ते खोटं होतं. तिकीट होतं. रजा नव्हती. इथं देशाच्या कायद्यानं आजारपणाची, बाळंतपणाची किंवा घरच्यांच्या सेवेची पगारी रजा नाही. बिनपगारी बारा आठवड्यांचा हक्क आहे, तोही मालकाकडं किमान पन्नास माणसं असतील तर. आमच्या दुकानात आम्ही अकरा होतो. मालकानं सांगितलं, जायचं तर जा, पण आल्यावर जागा असेल असं समजू नकोस. तेव्हा जावयांचं काम सुटलेलं होतं. मी गेले नाही. आई, तू शुद्धीवर आल्यावर "मंगी आली का" विचारलंस, हे वहिनीनं मला पुढं सांगितलं. मला माफ कर. खरं कारण सांगायची मला लाज वाटली, आणि लाज वाटायचं काही कारण नव्हतं, हे कळायला मला ती कॅपिटॉलवरची माणसं भेटावी लागली.

सध्या मिनेसोटाच्या विधिमंडळात पगारी रजेचं विधेयक चाललंय. स्वतःच्या आजारपणासाठी आणि घरच्या माणसाच्या सेवेसाठी. आईवडील त्यात धरलेत. कामगार आणि मालक दोघांनी मिळून वर्गणी भरायची, आणि गरज पडेल त्याला त्यातून पगार. तुमच्या माथाडी बोर्डाच्या लेव्हीसारखंच, थोडा फरक. राज्याच्या सिनेटमध्ये आमच्या बाजूला 34 आणि समोर 33, एका मताचं बहुमत, म्हणून एकेक आमदाराकडं जावं लागतंय. गुरुवारी मला समितीपुढं दोन मिनिटं बोलायचंय. आईच्या ऑपरेशनबद्दलच बोलणार आहे, आईची हरकत नसेल तर. वहिनीला सांगा, आईला विचारून मला लगेच कळवायला.

आणि अण्णा, एक विचारायचंय. पंचायतीच्या बैठकीत बोलायला उभं राहिल्यावर तुम्ही सुरुवात कशी करायचात? मी इंग्रजीत लिहून काढलंय, चारदा खोडलंय. पहिलंच वाक्य जमत नाहीये. बुधवारी पाडव्याचा फोन करेन, तेव्हा सांगा. तुमच्या बिल्ल्याचा फोटोही दादाला पाठवायला सांगा, नंबर दिसेल असा.

पन्हाळगडावरून आणलेला तो गूळ संपला असेल, तर दादाला आणायला सांगा, आईला मात्र देऊ नका.

तुमची लेक,
मंगल