स्मारकाला हात लावणाऱ्यांचे आभार

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या चर्चबाहेरच्या युद्धस्मारकावरची नावं आता नीट वाचता येतात. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचे देह ब्रिटनने मायदेशी आणले नाहीत, त्यामुळे घरच्यांना फुलं वाहायला हीच जागा. सांध्यांत पूर्वी कुणीतरी सिमेंट कोंबलेलं. पाणी आत अडकून थंडीत गोठायचं, चुनखडीच्या दगडाचे पापुद्रे सुटायचे. ते सिमेंट छिन्नीने बेताने काढून चुन्याने सांधे भरणारे, माझ्या हातातला तारेचा ब्रश काढून मऊ ब्रश देणारे (बरं झालं!), बिननावाचं पाकीट ठेवून गेलेले, आणि आपल्या मराठी मंडळातून बादल्या वाहायला आलेले, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताजा चुना भरभर वाळू नये म्हणून गोणपाट रोज कोण भिजवत होतं, ते अजून कळलेलं नाही. ११ नोव्हेंबरला सगळे या, चहा आमच्याकडे.