हरिश्चंद्रगडासाठी सॅक भरताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी नीट वाचली. एवढं सगळं मावायला ५५ लिटरची सॅक लागेल आणि ती तू मैत्रिणीकडून मागून आणणार आहेस. आणू नकोस. मोठी सॅक हाताशी असली की ती भरतेच. तुझी ३० लिटरची सॅक एका मुक्कामाला पुरते, डिसेंबरातल्या हरिश्चंद्रगडालाही पुरते. फक्त यादी उलट्या बाजूनं कर. 'लागलं तर असावं' म्हणून काही घेऊ नकोस. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ यांत ही वस्तू नक्की कधी हातात घेणार, हे स्वतःला विचार. वेळ सांगता आली नाही तर ती वस्तू घरी राहू दे. औषधांना आणि राखीव खाण्याला तेवढा हा नियम लावायचा नाही.

तुम्ही खिरेश्वरकडून चढणार, म्हणून मी जास्त आग्रह धरते आहे. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची आणि सोपी. खिरेश्वरहून चार-पाच तास धरायचे. गावातून तोलारखिंडीपर्यंत तास-दीड तास जातो. खिंडीतलं व्याघ्रशिल्प मागे पडलं की कातळटप्पा सुरू होतो. तिथे रेलिंग आहेत, पण दोन्ही हात मोकळे हवेत आणि सॅक पाठीला चिकटलेली हवी. जड, ढिली सॅक वर पाय टाकताना माणसाला मागे ओढते आणि बाजूला वळलं की झोका घेते. कातळ संपल्यावर पठारावरची चढउतारांची लांब चाल असते. आणि रविवारी हेच सगळं उतरायचं असतं. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्यात सॅकचं वजनही आलंच. चढताना जड सॅक दमवते, पण उतरताना घसाऱ्यावर ती पाडते.

पाणी सोडून पाच किलो आणि पाण्यासकट आठ, एवढीच मर्यादा ठेव. तुझं वजन ५२ किलो, म्हणजे हा सहावा-सातवा हिस्सा झाला. छोट्या सॅकचा कमरपट्टा बहुतेक नुसती पट्टी असते. तो भार कमरेवर घेत नाही, सगळं खांद्यांवर येतं, म्हणून त्याहून जास्त नको.

पाच किलोंत काय काय बसतं ते सांगते. रिकामी सॅक साधारण ९०० ग्रॅम. स्लीपिंग बॅग एक किलोच्या आसपास. अंगावर न घातलेले गरम कपडे ९००, झोपायचा कोरडा जोड ३५०, खाणं ९००. उरलेल्या किलोभरात मॅट, टॉर्च, पॉवर बँक, औषधं, ताट-मग आणि ब्रश-पेस्ट. यातलं प्रत्येक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ. अंदाजानं ठरवलेलं वजन नेहमी कमीच वाटतं.

सर्वांत जास्त वजन झोपेच्या सामानात वाचतं, पण तिथेच चुकीची काटकसरही होते. डिसेंबरात गडावर पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि वारा असतो. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' बघायचं. 'एक्स्ट्रीम' हा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोपेशी त्याचा संबंध नाही. पाच ते दहा अंश कम्फर्टची बॅग तुला बरोबर होईल. बॅगेच्या जोडीला ब्लँकेट किंवा शाल नको. त्याऐवजी फ्लीस आणि कान झाकणारी टोपी घालून झोप.

मॅट वगळायचा विचार यादीत दिसला. तो काढून टाक. आपल्या वजनानं बॅगेचा खालचा भाग दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि मग तो ऊब धरत नाही. कितीही चांगली बॅग असली तरी दगडाची थंडी खालून शिरते. फोमची कॅरीमॅट मात्र अख्खी नको. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढी, साधारण ११० सेंटिमीटर ठेवून बाकी कापून टाक. पायांखाली रिकामी सॅक घालायची. कापलेल्या तुकड्यातून बसायला एक चौकोन होतो, तो तुझ्या मैत्रिणीला दे.

मॅट बाहेर आडवी बांधू नकोस. कारवीच्या झुडपांत अडकते, रेलिंगला घासते आणि कातळावर शेजारून जाणाऱ्याला लागते. ती गुंडाळून आधी सॅकमध्ये उभी घाल आणि आतून सैल सोड, म्हणजे तिची नळी सॅकच्या भिंतीला लागून बसते. त्या नळीत सामान भरायचं. मऊ सॅकला त्यानं ताठपणा येतो आणि ताटाची कड पाठीला टोचत नाही.

आता भरायचा क्रम. मॅटच्या नळीत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी उघडून घाल. सगळं सामान त्या पिशवीत जाईल. सॅकवरचं रेनकव्हर मला पटत नाही. पाठीकडची बाजू ते झाकत नाही, त्यामुळे घाम आणि पाणी तिथून आत येतं, आणि कोकणकड्याच्या वाऱ्यात ते फुग्यासारखं फुगतं. तळाला स्लीपिंग बॅग. ती तिच्या छोट्या थैलीत कोंबून घट्ट गोळा करू नकोस, नुसती तळात ढकल, म्हणजे कोपरे भरतात. गोल थैल्या एकमेकींशेजारी ठेवल्या की मधल्या फटी वाया जातात, आणि लहान सॅकमध्ये जागा तिथेच संपते. तिच्यावर झोपायचा जोड. मग मध्यभागी, पाठीला लागून, खाण्याची पिशवी आणि पाण्याची एक बाटली. जड वस्तू खांद्याच्या पात्यांच्या पातळीला, पाठीजवळ हवी. बाहेरच्या बाजूला हलकं, म्हणजे फ्लीस. सगळ्यांत वर विंडचीटर, औषधं आणि टॉर्च. पिशवीचं तोंड पिळून खाली दुमड आणि मग सॅक बंद कर.

पट्ट्या घालायचाही क्रम आहे. आधी सगळ्या सैल सोडायच्या. कमरपट्टा कमरेच्या हाडावर बसवून आवळायचा, मग खांद्याच्या पट्ट्या, शेवटी छातीची. छातीची पट्टी इतकीच आवळ की खोल श्वास घेता यावा. कातळटप्प्याआधी थांबून सगळ्या पुन्हा एकदा ओढून घे, आणि पट्ट्यांची लोंबणारी टोकं आत खोच.

पाणी तीन लिटर, आणि ते गावातूनच भरून घ्यायचं. पावसाळ्यानंतर पठारावरचे ओढे आटत जातात, डिसेंबरात त्यांच्या भरवशावर निघू नये. वर मंदिराच्या परिसरातल्या टाक्यांत पाणी मिळतं. ते फडक्यातून गाळून, क्लोरीनचे थेंब लेबलवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबून प्यायचं. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात लोक उतरतात, ते पिऊ नकोस. बाटल्या साध्या प्लास्टिकच्या, एकेक लिटरच्या तीन ने. थर्मासची एक लिटरची स्टीलची बाटली रिकामीच जवळपास अर्धा किलो भरते. नळीवाली पाण्याची पिशवी सोयीची वाटते, पण किती पाणी उरलं ते दिसत नाही, आणि ती गळली तर स्लीपिंग बॅग गेली. दोन बाटल्या बाजूच्या खिशांत, तिसरी आत. आधी आतली संपवायची नाही. बाहेरच्या दोन्हींतून आळीपाळीनं पी, म्हणजे सॅक एका बाजूला कलत नाही.

कपड्यांत जीन्स अजिबात नको. चालायला एकच जोड, लवकर वाळणाऱ्या कापडाचा, पूर्ण बाह्यांचा. डिसेंबरातलं वाळलेलं गवत टोचतं आणि पठारावर ऊन लागतं. सुती टीशर्ट घामानं भिजतो, वाळत नाही, आणि सूर्य कलला की तोच ओला कपडा अंगातली ऊब खातो. म्हणून वर पोचल्यावर पहिलं काम कपडे बदलायचं. थंडी वाजायला लागल्यावर नाही, अंग गरम असतानाच. झोपायचा जोड चालताना वापरायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मोज्यांचे दोन जोड, एक फक्त झोपण्यासाठी.

बुटांबद्दल एवढंच की वर्षभर कपाटात पडलेले असतील तर आजच घालून तासभर चाल. जुन्या बुटांचा सोल डिंक सुटून वाटेत निघतो. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं काप, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून अंगठ्याचं नख काळं पडतं. उतरणीआधी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधायची, त्यानं पाय बुटात पुढे सरकत नाही.

जेवण गडावर मिळतं. गावकऱ्यांच्या झोपडीवजा हॉटेलांत पिठलं-भाकरी होते, शनिवार-रविवारी तर हमखास. आधी फोनवर सांगून ठेवा आणि रात्रीचं जेवण तिथेच घ्या. त्यांना रोजगार होतो आणि तुमच्यापैकी कुणाला स्टोव्ह, सिलिंडर आणि पातेलं वाहावं लागत नाही. तंबूही तिथे भाड्यानं मिळतात, म्हणून तोही यादीतून काढ. तरी एका जेवणापुरतं राखीव जवळ असू दे. दशम्या ने, कणीक दुधात भिजवली की त्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, चार-पाच चिक्क्या. केळी, संत्री, काकडी यांतलं एखादं फळ पहिल्या दिवशी खायला ठीक, पण त्यांत बरंचसं पाणीच असतं आणि साल परत आणावी लागते. बिस्किटांच्या पुड्यांचं वरचं आवरण घरीच काढ. लोणच्याची काचेची बाटली नको.

सहा जणी आहात, तर आधी आपसांत बोला. सहा पॉवर बँक, सहा सनस्क्रीन, सहा टूथपेस्ट हे वजन कुणाच्याच उपयोगाचं नसतं. १०००० एमएएचची एक पॉवर बँक दोघींत पुरते. फोन विमान मोडवर ठेव, कारण रेंज शोधण्यातच बॅटरी जाते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत घे, थंडीत बॅटरी लवकर बसते.

टॉर्च मात्र प्रत्येकीचा वेगळा, आणि डोक्याला लावायचा. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो. सॅकमध्ये दाबून टॉर्चचं बटण चालू होतं आणि रात्री काढावा तर सेल संपलेले. म्हणून त्यातला एक सेल उलटा घालून ने, वर पोचलीस की सुलटा कर. सेलचा एक जादा संच औषधांच्या पिशवीत.

औषधांत क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बीटाडिन, पॅरासिटामॉल, तुझी ॲलर्जीची गोळी, ओआरएसची दोन पाकिटं. ओआरएसचं मोठं, २१ ग्रॅमच्या आसपासचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. घोटभर पाण्यात कालवून पिऊ नये, त्यानं त्रास वाढतो. टाचेला नुसतं गरम लागायला लागलं की तिथल्या तिथे थांबून कोरडं पुसून चिकटपट्टी लाव. फोड आल्यावर लावलेली पट्टी फारशी कामाची नसते, म्हणून मैत्रिणी पुढे गेल्या तरी थांबायचंच.

पाळीची तारीख लांब असली तरी दोन पॅड ठेव. दगदगीत ती पुढेमागे होते. त्यासाठी झिपच्या दोन पिशव्या घे, एक कोऱ्या पॅडची आणि एक वापरलेल्याची, कागदात गुंडाळून. ते वर पुरायचंही नाही आणि जाळायचंही नाही, घरी आणायचं. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्य नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. शेकोटीचंही तसंच. डिसेंबरात सगळं पठार वाळलेल्या गवताचं असतं, एका ठिणगीनं पेटतं. ऊब हवी तर गरम कपडे आहेत.

झोपताना कड्यापासून लांब झोपा. अंधारात उठावं लागलं तर टॉर्च लावून आणि दोघींनीच जा. कोकणकड्याच्या काठाशी दिवसाउजेडीही पोटावर झोपूनच खाली बघायचं, आणि त्या वेळी सॅक पाठीवर नको.

परत आल्यावर स्लीपिंग बॅग उलटी करून सावलीत दोन दिवस वाळत घाल आणि कपाटात सैल टांगून ठेव. थैलीत दाबून ठेवली तर आतलं भरण दबून बसतं आणि पुढच्या वर्षी तीच बॅग कमी ऊब देते. न वापरलेल्या वस्तू एका कागदावर लिहून सॅकच्या खिशात टाक, जानेवारीत रतनगडाला जाताना तो कागद आधी काढ.

तुझी,
आई