‘चौथ्या अवस्थेतलं’ पाणी आणि घाम

सं. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘स्ट्रक्चर्ड वॉटर’वरचा, म्हणजे मशीनमधून खास ‘रचना’ दिलेल्या, घन-द्रव-वायूपलीकडच्या म्हणवल्या जाणाऱ्या ‘चौथ्या अवस्थेतल्या’ पाण्यावरचा लेख वाचला आणि त्यातलं ‘हे पाणी एच-टू-ओ नसून एच-थ्री-ओ-टू असतं’ हे वाक्य काही केल्या पटेना. एच-थ्री-ओ-टू हा रसायनशास्त्रात खराच आहे, पण तो ऋणभारित आयन (विद्युतभार असलेला कण) आहे, म्हणजे नुसत्या त्याने बाटली भरायची तर आत प्रचंड विद्युतभार कोंबावा लागेल, आणि तो तोलायला धनभार कुठून आणणार ते लेखात कुठेच नाही. शिवाय पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात नि पुन्हा जुळतात, मग मशीनमधून दिलेली ‘रचना’ ग्लासात ओतेपर्यंत टिकते कशी?

असं आधीही झालंय. १९६०च्या दशकात सोव्हिएत रशियात बारीक काचनळ्यांमध्ये दाट, साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठणारं ‘पॉलीवॉटर’ सापडलं म्हणून जगभर गाजावाजा झाला, अमेरिकेतल्या नामांकित लॅब कामाला लागल्या. मग डेनिस रूसो या शास्त्रज्ञाने हँडबॉल खेळून टी-शर्टातला घाम पिळला, त्याचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम (पदार्थ अवरक्त किरण कसे शोषतो त्याचा आलेख) काढला तर तो बराचसा पॉलीवॉटरसारखाच! १९७३मध्ये पॉलीवॉटरवरचं सोव्हिएत संशोधन चालवणारे खुद्द देर्यागिन यांनीच ती पाण्यातल्या अशुद्धतेची करामत असल्याचं मान्य केलं.

वेगळी कल्पना मांडायला कुणाची हरकत नाही हो, पण मशीनची किंमत छापता तर शेजारी एखाद्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांचं मतही चौकटीत द्या की.

– एक वाचक, सातारा