जीनोम मोठा म्हणजे वनस्पती प्रगत, हे कुणी सांगितले?

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत वनस्पतींच्या जीनोमवरील, म्हणजे त्यांच्या संपूर्ण डीएनए-संचावरील, लेखासोबत एक आलेख होता. तळाला लहान जीनोमच्या वनस्पती, वर मोठ्या आणि शीर्षक ‘उत्क्रांतीची शिडी’! मी वनस्पतिशास्त्र शिकवते. ही शिडी एकदा मुलांच्या डोक्यात उभी राहिली की काढता काढता पुरेवाट होते.

भाताचेच घ्या. लागवडीच्या भाताचा, म्हणजे ओरायझा सटायव्हाचा, जीनोम सुमारे 39 कोटी बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा. त्याचा ऑस्ट्रेलियातील रानटी भाऊबंद ओरायझा ऑस्ट्रेलिएन्सिस. त्याचा सुमारे 96 कोटींचा. गुणसूत्रांच्या जोड्या दोघांतही 12च. मग एवढी भर आली कुठून? 2006 साली त्याचा उलगडा झाला. रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणजे स्वतःच्या प्रती जीनोममध्ये इतरत्र घुसवणारे डीएनएचे तुकडे. त्यांच्या अवघ्या तीन कुळांनी गेल्या 30 लाख वर्षांत स्वतःच्या प्रती काढून काढून या रानभाताचा निम्म्याहून अधिक जीनोम व्यापला आहे. (त्यांतल्या दोन कुळांची नावे कांगारू आणि त्याचा छोटा भाऊबंद वॉलबी यांच्यावरून ठेवली आहेत. नव्या प्रती दुसरीकडे उडी घेतात, तेव्हा शोभतातच.)

लेखात अमेरिकी आनुवंशिकी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा उल्लेख आहे, तो योग्यच. 1983चे नोबेल त्यांना जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या घटकांच्या शोधासाठी मिळाले. पण त्यांनी मक्यात पाहिलेले घटक एका जागेवरून सुटून दुसरीकडे बसणारे. रेट्रोट्रान्सपोझॉन जागचा हलत नाही. त्याची आरएनए नक्कल निघते, तिच्यापासून पुन्हा डीएनए बनतो आणि ही नवी प्रत दुसरीकडे घुसते. म्हणजे दर खेपेला भरच. मक्याचा जीनोम फुगला तो मुख्यतः यांच्यामुळे. लेखात दोन्ही प्रकार एकाच वाक्यात उरकले आहेत.

शिवाय वनस्पती ही भर कमीही करते. वनस्पतींतल्या बहुतेक रेट्रोट्रान्सपोझॉनच्या दोन्ही टोकांचा क्रम सारखा असतो. त्या टोकांचा आपसांत पुनःसंयोग झाला की मधला भाग गळतो आणि एकच टोक मागे उरते. भातात अशी सुटी टोके भरपूर सापडतात. तेव्हा आज लहान दिसणारा जीनोम पूर्वीही लहानच होता, असे धरून चालता येत नाही. आपल्या शिडीवर अशा वनस्पतीला कुठे बसवणार?

असा आलेख पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक स्तंभात जनुके आणि हे फिरते घटक वेगवेगळ्या रंगांत दाखवावेत, आणि दोन्ही भात शेजारी शेजारी ठेवावेत, ही विनंती.

– वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका