बेअरिंग छोटे, पण त्यासाठी अख्खे इंजिन उतरवावे लागते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या मोटारींच्या देखभालीवरचा लेख मी आवडीने वाचला. मात्र त्यात क्लचचे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा छोटा भाग) बदलणे हे दुपारभराचे काम असल्याचे म्हटले आहे, आणि शेजारी छायाचित्र आहे ते एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे. नेमक्या या गाडीला ते विधान लागू होत नाही. गेली अनेक वर्षे १९६७ सालची एमजीबी मी पुण्यात सांभाळतो आहे आणि या एका बेअरिंगपायी तिचे इंजिन दोनदा उतरवावे लागले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. १७९८ सीसीचे इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स आणि या दोहोंच्या मध्ये, बेल हाउसिंग या घंटेच्या आकाराच्या आवरणात, क्लच अशी तिची साधी रचना आहे. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवला की क्लच हाती लागतो. एमजीबीत मात्र गिअरबॉक्स ज्या बोगद्यात बसतो तो इतका अरुंद आहे की बेल हाउसिंग त्यातून खाली येतच नाही. त्यामुळे बॉनेट काढायचे, पाणी आणि ऑइल रिकामे करायचे, रेडिएटर त्याच्या पत्र्यासह बाहेर घ्यायचा, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप, वायरी सोडवायच्या आणि मग चेन ब्लॉकला टांगून दीडशे किलोंहून जड असलेले इंजिन पुढच्या बाजूने वर उचलायचे, हाच मार्ग उरतो. इंजिन एकटे काढावे की गिअरबॉक्ससकट, यावर जाणकारांत दुमत आहे. मला एकटे काढणे सोयीचे वाटते, पण तेव्हा बेल हाउसिंगखाली जॅक हवाच, आणि परत बसवताना इंजिनाचा किंवा गिअरबॉक्सचा भार क्षणभरही क्लच प्लेटच्या स्प्लाइनवर (शाफ्ट बसतो त्या मधल्या खाचांवर) येता कामा नये. आला तर नवी प्लेट गाडी सुरू होण्याआधीच वाकते.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी करायचा ते बेअरिंग तळहातावर मावते. त्यात गोळ्या नसतात; लोखंडी कड्यात बसवलेली ग्राफाइटची एक जाड चकती असते आणि क्लच दाबला की ती क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या फिरत्या प्रेशर प्लेटवर घासत राहते. म्हणजे पाय पेडलवर असेल तितका वेळ ती झिजते. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि आजच्या गाड्या ती निमूटपणे सोसतात. एमजीबी सोसत नाही. सिग्नल लाल दिसताच गाडी न्यूट्रलला घेऊन पाय उचलणाऱ्याचे हेच बेअरिंग वर्षानुवर्षे टिकते.

माझ्या गाडीचा क्लच पहिल्यांदा बदलला तेव्हा मी तो एका गॅरेजकडे सोपवला होता. त्यांनी क्लच प्लेट नवी टाकली, प्रेशर प्लेट नवी टाकली, पण बेअरिंगमध्ये अजून जीव आहे असे म्हणून जुनेच परत बसवले. अकरा महिन्यांनी पेडल दाबले की करकर ऐकू येऊ लागली आणि पुढे रिव्हर्स गिअर पडेनासा झाला. इंजिन पुन्हा उतरवले, तेव्हा ग्राफाइट कड्याच्या पातळीपर्यंत झिजले होते, लोखंडी कडा चमकत होती आणि नव्याकोऱ्या प्रेशर प्लेटवर तिचा गोल व्रण उठला होता. जो भाग सगळ्यांत स्वस्त होता तो वाचवल्यामुळे सगळ्यांत महाग भाग गेला आणि मजुरी दुसऱ्यांदा पडली. ते झिजलेले बेअरिंग मी जपून ठेवले आहे. नवी माणसे गाडी पाहायला आली की आधी ते त्यांच्या हातात देतो.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की इंजिन एकदा उतरवले की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तिन्ही एकत्रच बदलावेत. त्याचबरोबर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारे छोटेसे ब्राँझचे बुश असते, ते ऑइलमध्ये भिजवून नवे टाकावे. फ्लायव्हीलमागचे ऑइल सील बदलावे, कारण त्यातून झिरपलेल्या ऑइलने नवी प्लेट चिकट होऊन घसरू लागते. आणि बेअरिंग ज्या फोर्कवर बसते त्याचा बोल्ट आणि बुश हाताने हलवून पाहावेत. बेअरिंगला धरून ठेवणाऱ्या तारेच्या दोन क्लिपा नीट बसल्या की नाही हे बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इंजिन जोडू नये, कारण नंतर ते पाहण्याची सोय नाही. पान्यांबाबतही सावध राहावे लागते. या गाडीचे बहुतेक नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ मिमीचा पाना बसतो खरा, पण सैल बसतो आणि कोपरे खातो. ९/१६ इंचाच्या नटावर तर १४ मिमीचा पाना जातच नाही. स्टार्टरच्या वरच्या बोल्टापाशी, जिथे हात जेमतेम पोहोचतो, तिथे नटाचे कोपरे गेले तर अख्खा दिवस वाया जातो.

मात्र या सगळ्याआधीची पायरी लेखात राहून गेली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गिअर अडखळतो म्हणजे बेअरिंगच गेले असे नव्हे. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणारा आहे. पेडलजवळ मास्टर सिलिंडर आहे आणि बेल हाउसिंगच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर. एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने खाली वाकून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पाहावे. तो साधारण अर्धा इंच सरकला पाहिजे. त्याहून बराच कमी सरकत असेल, तर दोष बहुधा बाहेरच असतो. रबर गेलेले असते, नळीत हवा असते, किंवा पेडल आणि मास्टर सिलिंडर यांना जोडणारी पिन झिजून तिचे भोक लांबट झालेले असते. ही पिन मी स्वतः काढून पाहिली आहे. गोल असायला हवी तिथे तिला नखाने जाणवेल अशी खाच पडली होती. ती बदलण्यासाठी इंजिनाला हातही लावावा लागत नाही.

लेखात सुचवल्याप्रमाणे हा त्रास टाळण्यासाठी दुसऱ्याच गाडीचा आधुनिक गिअरबॉक्स बसवणे मला पटत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे जे नियम केले, त्यांत वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, जी गाडी जशी घडली तशी चालते ती तशीच चालवावी असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यात गाड्या झाकून ठेवण्याआधी पुष्कळ मालक त्या गॅरेजला दाखवतात. त्यांच्यापैकी कुणी आपला लेख वाचून एका दुपारच्या हिशेबाने काम काढू नये, यासाठी पुढच्या रविवारी याच सदरात दुरुस्ती छापावी आणि इंजिन उतरवण्यापूर्वी स्लेव्हचा दांडा तपासण्याची सूचना त्यात अवश्य घालावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र अभियंता, कोथरूड, पुणे