मनोऱ्यातले कैदीही सांगा

संपादक महोदय,
इंग्लंडच्या सहलींवरील लेखांत केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्टचा उल्लेख आला की सगळा भर तिथल्या बागेवर असतो. बाग देखणी आहेच. पण तिच्या मधोमध उभा असलेला विटांचा जुना मनोरा कुणाकुणाचा होता, हेही वाचकांना सांगायला हवे.

सोळाव्या शतकात सर रिचर्ड बेकर यांनी इथे मोठा वाडा उभारला. १५७३ मध्ये खुद्द पहिली एलिझाबेथ राणी इथे मुक्कामाला होती. पुढे घराण्याचे वैभव ओसरले आणि सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) सरकारने वाड्याचा तुरुंग केला. हजारो फ्रेंच कैदी तिथे कोंबले होते. त्यांनी वाड्याची पार नासधूस केली. मनोऱ्याच्या भिंतींवर त्यांनी कोरलेल्या खुणा आजही दिसतात. घरापासून तोडलेल्या त्या माणसांनी मागे ठेवलेला तो एकमेव दस्तऐवज असावा, असे मला वाटते. त्यानंतर उरलेल्या इमारतींत गावातल्या गरिबांचा आश्रम चालला.

१९३० मध्ये लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरॉल्ड निकोल्सन यांनी ही पडकी वास्तू घेतली. मनोऱ्यातली खोली व्हिटा यांची लेखनाची जागा झाली. १९६७ पासून वास्तू ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

राणी आणि लेखिका यांच्याइतकीच जागा त्या कैद्यांना आणि निराधारांनाही आपल्या पर्यटन पुरवणीत मिळावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे